पारावरून : खुर्चीचे पाय



ज्वारीची काढणी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या आणि पारावर बसायला माणसांना पुन्हा सवड मिळू लागली. परवा संध्याकाळी असेच पाच-सहा जण बसलो होतो. आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीला आहे. अधूनमधून तो तिकडचे फोटो धाडतो आणि त्याचा थोरला भाऊ ते मोबाईलवर सगळ्यांना दाखवतो. या खेपेला फोटोत बर्फ नव्हतं, समुद्र नव्हता, उंच इमारतही नव्हती. एक खुर्ची होती. नुसती रिकामी खुर्ची.

"एवढ्या लांब जाऊन ह्यानं खुर्चीचा फोटू काढला व्हय?" आमचे एक नाना म्हणाले. "मग आपल्या पंचायतीतली बी काढून धाडा की त्याला!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ती खुर्ची मला ओळखीची वाटली. तिच्याविषयी पूर्वी वाचलं होतं. नानांनी थट्टेनं दोन खुर्च्या शेजारी आणून ठेवल्या, त्या काही माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून आजच्या गप्पा खुर्चीच्याच.

फोटोतली खुर्ची फिलाडेल्फिया शहरातली. तिथे विटांची एक जुनी इमारत आहे. पेनसिल्व्हेनिया प्रांताची सभा त्या इमारतीत भरायची. १७७६ साली अमेरिकेच्या तेरा वसाहतींनी इंग्रजांचं राज्य झुगारल्याचा जाहीरनामा तिथल्याच एका दालनात मंजूर केला. पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या फौजेनं शहर घेतलं आणि नऊ-एक महिने ठाण मांडलं. त्या धामधुमीत दालनातलं लाकूडसामान गेलं. फौज निघून गेल्यावर १७७९ साली जॉन फॉलवेल नावाच्या गावच्याच सुताराकडून सभेच्या अध्यक्षासाठी नवी खुर्ची करून घेतली. हीच ती. महोगनीचं लाकूड, चामड्याची बैठक, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या आणि पाठ चांगली उंच. पाठीच्या माथ्यावर अर्धा सूर्य कोरलेला, त्याला सोन्याचा मुलामा. अर्धा सूर्य म्हणजे क्षितिजावरचा. आता तो उगवणारा की मावळणारा, हे काही सुतारानं लिहून ठेवलं नव्हतं.

१७८७ च्या उन्हाळ्यात त्या दालनात अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. तेरापैकी बारा राज्यांनी माणसं धाडली होती. सगळे मिळून पंचावन्न जण आले, शेवटी सही केली एकोणचाळीस जणांनी. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून दारावर पहारा आणि भर उन्हाळ्यात खिडक्या बंद! २५ मे ते १७ सप्टेंबर हे चाललं. सभेचा अध्यक्ष होता जॉर्ज वॉशिंग्टन, इंग्रजांविरुद्धच्या लढाईतला सेनापती. सहा फुटांहून उंच गडी. पावणेचार महिने तो त्या सूर्याच्या खुर्चीत बसला आणि चर्चेत क्वचितच बोलला. अध्यक्षानं जास्त बोलू नये हे त्याला कळत होतं. आपल्याकडे माईक हातात आला की लोकांना काय होतं, ते मी सांगायला नको.

सभेत बेंजामिन फ्रँकलिन नावाचे एक म्हातारबुवा होते, वय एक्याऐंशी. शेवटच्या दिवशी सह्या चालू असताना ते जवळच्यांना म्हणाले की इतके महिने त्या खुर्चीवरच्या सूर्याकडं बघत होतो, पण हा उगवतोय की मावळतोय याचा अंदाज येत नव्हता. आता मात्र खात्री पटली, हा उगवताच आहे. तेव्हापासून ती 'उगवत्या सूर्याची खुर्ची' झाली. मधल्या काळात राज्याची राजधानी हलली तशी खुर्चीही फिलाडेल्फिया सोडून गेली होती, नंतर ती परत आणली. आज त्या दालनात इतर बरंच सामान त्या काळचं म्हणून गोळा करून मांडलेलं आहे. ही खुर्ची मात्र अस्सल.

वॉशिंग्टनची मला आवडणारी गोष्ट खुर्चीत बसण्याची नाही, उठण्याची आहे. लढाई जिंकल्यावर फौज हाताशी होती. मनात आणतं तर राजा झाला असता. १७८३ साली त्यानं सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि घरी शेतीला गेला. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. दोन मुदती झाल्या, लोक आणखी राहा म्हणत होते, तरी १७९७ मध्ये पुन्हा उठून शेतावर गेला. आणि नावाचा शेतकरी नव्हे बरं का! स्पेनच्या राजानं त्याला एक जातिवंत गाढव भेट दिलं होतं, त्याच्यापासून त्यानं शेतीकामासाठी खेचरांची पैदास केली. गव्हाच्या मळणीसाठी सोळा कोनांचं दुमजली गोल खळं बांधलं. वरच्या मजल्यावर घोडी फिरवून मळणी करायची आणि फळ्यांच्या फटींतून दाणे खालच्या मजल्यावर गोळा व्हायचे. पावसानं भिजायला नकोत, मातीत मिसळायला नकोत. आपल्या आज्या-पणज्यांनी तिवड्याभोवती बैल फिरवले, त्यांना ही युक्ती पसंत पडली असती.

पण सगळी गोष्ट सांगायची तर पुढचंही सांगायला हवं. त्या खळ्यात घोड्यांमागं कोण फिरत होतं? विकत घेतलेले किंवा गुलामीतच जन्मलेले काळे लोक. वॉशिंग्टनच्या अखेरच्या वर्षी त्याच्या मळ्यांवर असे तीनशेहून अधिक जीव होते. त्या खुर्चीसमोर लिहिलेल्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची तीन माणसं धरली होती. मत तर त्यांना नव्हतंच. गुलामी कायद्यानं गेली १८६५ साली. देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं. सूर्य उगवता होता हे खरं, पण त्याचं ऊन सगळ्यांच्या अंगणात पोचायला फार वेळ लागला.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं खुर्चीच नव्हती. राजाला गादी, देवाला सिंहासन, पाहुण्याला घोंगडं, जेवायला पाट. गावची चावडी आठवा. आत जाजमावर पाटील, शेजारी दप्तर घेऊन कुलकर्णी, कडेला चार मानकरी. बाकीचा गाव पायरीवर, आणि ज्याच्या पायपिटीवर तो सारा कारभार चालायचा तो महार पायरीच्याही खाली उभा. कोण कुठे बसतो यावरून त्याची किंमत कळायची, नाव विचारायची गरज नव्हती. खुर्ची आली ती साहेबाबरोबर. मामलेदार आला की शाळेतली नाहीतर वाड्यातली एकुलती एक खुर्ची डोक्यावर घालून चावडीत न्यायची. साहेब बसला की गाव उभा.

त्या साहेबाच्या खुर्च्या आपल्या सोलापुरात एकदा रिकाम्या झाल्या होत्या. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लागला. पुढच्या महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, गोळीबारात माणसं मेली आणि पोलीस नि अंमलदार शहर सोडून गेले. ९ ते ११ मे असे तीन दिवस इंग्रजांचा अंमल सोलापुरात नव्हता. शहराची राखण रामकृष्ण जाजूंनी आणि काँग्रेसच्या इतर मंडळींनी केली. मग लष्करी कायदा आला, धरपकड झाली आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी दिलं. चार हुतात्म्यांचं नाव आपण रोज घेतो. त्या तीन दिवसांचं मात्र विसरतो.

आता दुसरी खुर्ची. पुण्यात सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला सिंबायोसिस संस्थेनं उभारलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संग्रहालय आहे. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तिथे नीट जपून ठेवल्या आहेत. त्यांचे कपडे आहेत, व्हायोलिन आहे, भारतरत्न आहे, आणि घटनेचं काम करताना ते जिच्यावर बसत ती खुर्चीही आहे. पुण्याला कामानं गेलात तर मार्केट यार्डातून निघताना एक तास काढा. पोरांना सोबत न्या.

मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला दुसरंच बसकर आठवत होतं. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव वर्गात कोपऱ्यात बसायचा. इतर पोरांच्या ओळीत नाही, वेगळा. बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा आणि शाळा सुटली की तो परत घरी आणायचा, कारण झाडलोट करणारा शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. मंडळी, गोणपाट आपल्या घरात काय कमी आहे? बी-बियाण्याची पोती रिकामी झाली की उंबऱ्याशी पाय पुसायला टाकतो आपण. त्या तुकड्यावर बसून हा मुलगा शिकला.

१९१३ साली तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे प्रथमच सगळ्यांच्या बरोबरीनं एका टेबलाशी बसायला मिळालं. म्हणजे जिथली खुर्ची आपण फोटोत बघत होतो, त्याच मुलुखात. परत आल्यावर जी कामं त्यांनी हाती घेतली त्यातलं एक आपल्या सोलापुरातलं. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापूरला वसतिगृह काढलं. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला जागा नाही, जेवायला पंगत नाही, मग तो हायस्कूल शिकणार कसा, हा साधा हिशेब त्यामागं होता. पुढे जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेनं त्यांना मानपत्र दिलं. गोणपाटापासून मानपत्रापर्यंतची ही वाट वाचताना एका वाक्यात संपते, चालणाऱ्याला चाळीस वर्षं लागली.

२९ ऑगस्ट १९४७ ला घटनेचा मसुदा करायला सात जणांची समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. सातांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, कोणी अमेरिकेत, कोणी संस्थानच्या कामात, कोणी दिल्लीपासून दूर. त्यामुळे मसुद्याचा भार अखेर एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीतच उभं राहून सांगितलं. त्या दिवसांत बाबासाहेबांची प्रकृती ढासळली होती. मधुमेह होता, पायांत असह्य कळा यायच्या, रात्र-रात्र झोप नसायची. तशात ते कागदांवर वाकून बसत. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की आता राजकारणात एका माणसाला एक मत आणि एक किंमत असेल, पण घरात, गावात आणि पैशाअडक्यात माणसा-माणसांत फरक राहीलच. हा विसंवाद लवकर मिटवला नाही तर ज्यांना सोसावं लागतंय ते ही सगळी इमारत उडवून देतील.

अमेरिकेतल्या खुर्चीवर सोन्याचा सूर्य आहे, पुण्यातल्या खुर्चीवर नाही. पण पुण्यातल्या खुर्चीत बसलेल्या माणसानं सगळ्या बायकांना आणि सगळ्या पुरुषांना एकाच दिवशी मत लिहून दिलं. पाचाची तीन माणसं कुठं धरली नाहीत. माझ्या लेखी दोहोंत मोठी कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता नानांची तिसरी खुर्ची. आमच्या पंचायतीतली.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच सुमारास आमच्या ग्रामपंचायतीला ती खुर्ची मिळाली. गावच्याच सुतारानं केलेली. लाकूड बाभळीचं. वरून काळा रंग मारून शिसवीचा आव आणलेला. बैठक वेताची. त्या वेळचे सरपंच चांगले उंचेपुरे होते. सुतारानं त्यांना दोरीनं मोजलं आणि खुर्ची त्यांच्या मापानं केली. उचलायला दोन माणसं लागतात. त्यानंतर कितीतरी सरपंच झाले. बुटके, जाडे, बरे, वाईट. खुर्ची तीच. वेत दोनदा विणून घेतला. हातांचा काळा रंग जाऊन आतलं लाल लाकूड दिसायला लागलंय.

काही वर्षांपूर्वी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. १९९३ पासून एक-तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. हे तुम्हाला ठाऊकच आहे. गावातली एक सून निवडून आली, बारावी शिकलेली. हार पडले, गुलाल पडला. सगळा गुलाल तिच्या नवऱ्याच्या अंगावर. पहिल्या मासिक सभेला तो खुर्चीत बसला आणि ती दाराजवळच्या बाकावर, पदर सावरून. ग्रामसेवक प्रोसिडिंगचं बुक त्याच्यापुढं ठेवायचे. तो वाचायचा, मान डोलवायचा, मग बुक बाकाकडं जायचं. ती सही करायची. हे वर्षभर चाललं. आम्ही सगळे हे बघत होतो. मीही होतो त्यात. शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस मी, पण तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्याच्या घरातलं, आपण कशाला बोला! अशानंच गावची बरीच कामं तुंबतात.

उन्हाळा कडक होता. टँकर दिवसाआड यायचा, आणि वरच्या आळीला पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. ग्रामसभेला वरच्या आळीची एक म्हातारी आली, हातात रिकामी घागर. उभी राहिली आणि म्हणाली,

"सरपंच कोन हाय? ह्या खुर्चीतल्या दादाला इचारू, का बाकावरच्या बाईला इचारू?"

कुणी बोलेना. खुर्चीतले दादा म्हणाले, "आत्या, मला सांगा, काय असंल ते."

"तुला सांगून काय हुतंय रं? तू घरात पानी भरतोस व्हय कधी?"

सभेत हसं पिकलं. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलची घंटा वाजली. खरी का खोटी, देव जाणे. ते फोन कानाला लावून बाहेर गेले. म्हातारी वळली आणि बाकावरच्या सुनेला म्हणाली,

"बस की गं माझे बाई. खुर्ची गरम हाय तवर बस!"

ती उठली. जाऊन बसली. मी समोरच होतो, म्हणून मला दिसलं. खुर्ची इतकी उंच की तिचे पाय जमिनीला टेकेनात. लोंबकळणारे पाय झाकायला तिनं साडीचे काठ खाली ओढले. मग विचारलं, "आत्या, टँकर तुमच्याकडं किती वाजता येतो?" आवाज बारीक होता, पण प्रश्न बरोबर होता. टँकर आधी वरच्या आळीला जाईल आणि तिथून खाली येत येईल, असा ठराव त्याच दिवशी लिहिला गेला. उताराच्या गावात ही गोष्ट आम्हा शहाण्यांना वर्षानुवर्षं सुचली नव्हती.

नवरा फोन संपवून आत आला. क्षणभर उभा राहिला. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची सरकवली, तिच्यावर बसला. माणूस वाईट नव्हता. त्याला खुर्चीची सवय लागली होती, एवढंच.

पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सुतार करवत घेऊन बसलेला दिसला. ज्यानं खुर्ची केली होती त्याचा नातू. खुर्ची आडवी पाडलेली आणि तो चारी पायांवर खडूनं खुणा करत होता. मी विचारलं, "काय रे, मोडली का?"

"न्हाई गुरुजी. सरपंचबाईंनी पाय कापायला सांगितल्यात. चार बोटं."

"आणि पुढं कुणी उंच सरपंच आला तर?"

"मी बी तेच म्हनलं. तर त्या म्हनल्या, 'तवा तो ठोकळे लावून घील'."

पारावर मी हे सांगितलं तेव्हा नाना खो खो हसले. मग मोबाईल परत मागून घेतला आणि अमेरिकेतल्या खुर्चीचे पाय किती उंच आहेत ते डोळे बारीक करून बराच वेळ बघत बसले.